ऑनलाइन खेळात मैत्री कशी जोडावी आणि कशी टिकवावी

ऑनलाइन खेळणाऱ्या बहुतेकांच्या फ्रेंड लिस्टमध्ये पंचवीस-तीस नावे तरी अशी असतात, की ती कोणत्या सामन्यानंतर तिथे आली हे आता सांगता येत नाही. शेकडो सामने खेळून झालेले असतात, रँक वाढलेली असते, आणि तरीही एखाद्या संध्याकाळी लॉगइन केल्यावर हक्काने हाक मारावी असे कोणी नसते. आपला स्वभावच एकलकोंडा आहे अशी समजूत करून घेऊन अनेक जण तसेच खेळत राहतात. माझ्या अनुभवाने यात स्वभावापेक्षा पद्धतीचा वाटा मोठा असतो, आणि पद्धत शिकता येते. ती मला जशी उमगली तशी येथे सविस्तर मांडत आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आजचे बरेचसे खेळ असे रचलेले असतात, की त्यात कोणाशी ओळख करून घेण्याची गरजच पडत नाही. १९९९ साली आलेल्या 'एव्हरक्वेस्ट'मध्ये पात्र मेले की त्याचे सामान प्रेतासोबत जागच्या जागी पडून राही, आणि ते परत मिळवण्यासाठी बहुधा दुसऱ्यांची मदत मागावी लागे. मदत मागायची तर बोलावे लागे, आणि जो धावून आला त्याचे नाव लक्षात राही. २००४ मध्ये सुरू झालेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्येही पहिली काही वर्षे पाच जणांचा गट जमवायचा म्हणजे चॅटमध्ये हाका मारत बसावे लागे. डिसेंबर २००९ मध्ये त्यात गट आपोआप जुळवून देणारी सोय आली. तेव्हापासून निरनिराळ्या सर्व्हरवरचे (सर्व्हर म्हणजे खेळाचे जग चालवणारा संगणक) पाच अनोळखी खेळाडू काही मिनिटांत एकत्र येऊ लागले आणि मोहीम संपताच, एक शब्दही न बोलता, पांगू लागले. या सोयीने लोकांचा पुष्कळ वेळ वाचला आणि ती काढून टाकावी असे मी म्हणणार नाही. मात्र पूर्वी जे काम खेळातली अडचण आपल्याकडून आपसूक करून घेत असे, ते आता प्रत्येकाला ठरवून करावे लागते.

किती वेळ लागतो, याचा अंदाज

कॅन्सस विद्यापीठाचे संवादशास्त्राचे अभ्यासक जेफ्री हॉल यांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या ओळखीचे रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला साधारण ५० तास, मैत्रीत व्हायला ९० तास आणि जवळच्या मैत्रीत व्हायला २०० हून अधिक तासांचा सहवास लागतो, असा अंदाज त्यातून निघाला. हा अभ्यास खेळाडूंचा नव्हता. नव्या गावी राहायला गेलेल्या प्रौढांचा आणि विद्यापीठात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांचा होता. तरीही हिशेब करून पाहण्यासारखा आहे. त्याच व्यक्तीबरोबर आठवड्यातून दोन संध्याकाळी दोन-दोन तास खेळलात, तर ५० तास भरायला सुमारे तीन महिने लागतात आणि २०० तास भरायला जवळजवळ एक वर्ष. याउलट रोज चार तास खेळूनही दर सामन्याला नवी माणसे भेटत असतील, तर कोणाबरोबरच एक तासही धड जमा होत नाही.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. केवळ काम करण्यात एकत्र घालवलेले तास मैत्री वाढवायला तितकेसे उपयोगी पडत नाहीत. फावल्या वेळच्या गप्पा आणि सहज घालवलेला वेळ अधिक उपयोगी पडतो. खेळातही काम असतेच. सामान गोळा करणे, त्याच त्या शत्रूला पुन्हा पुन्हा मारून गुण मिळवणे, रँक टिकवण्यासाठी दात-ओठ खाऊन खेळणे, हे सगळे कामच आहे. म्हणून दोन सामन्यांच्या मधली लॉबीतली, म्हणजे सामना सुरू होण्याआधी खेळाडू जमतात त्या पडद्यावरची, पाच मिनिटे आणि मोहिमेवर निघण्यापूर्वी सगळे जमेपर्यंतचा रिकामा वेळ वाया गेला असे मानू नका. 'लवकर चला' असे म्हणून ती मिनिटे कापून टाकणारा गट कुशल होईल, पण त्यात माणसे एकमेकांना ओळखू लागतीलच असे नाही.

जागा निवडताना

मैत्रीसाठी खेळ निवडताना चित्रे किती सुंदर आहेत यापेक्षा तीच माणसे पुन्हा भेटण्याची शक्यता किती आहे, हे पाहावे. ठरलेल्या सदस्यांचा लहानसा 'माइनक्राफ्ट' सर्व्हर, कायमचे गिल्ड किंवा क्लॅन, म्हणजे खेळाडूंचे नाव असलेले कायमचे संघ, असलेला खेळ, रोज तेच लोक येतात असा सामुदायिक सर्व्हर, या जागा त्या दृष्टीने चांगल्या. ज्या खेळात दर वीस मिनिटांनी सगळा पट बदलतो, तिथेही मित्र मिळतात, पण त्यासाठी मेहनत जास्त करावी लागते.

समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ मध्ये 'तिसरी जागा' ही कल्पना मांडली. घर ही पहिली जागा, कामाचे ठिकाण ही दुसरी, आणि जिथे कोणतेही बंधन नसताना माणसे सहज येऊन बसतात, बोलतात, ती तिसरी. कॉन्स्टन्स स्टाइनक्युलर आणि दिमित्री विल्यम्स यांनी २००६ साली असे दाखवून दिले, की एकाच वेळी अनेकांनी मिळून खेळायचे ऑनलाइन खेळ अशा तिसऱ्या जागेचे काम करतात. निरनिराळ्या वयांच्या, व्यवसायांच्या आणि मतांच्या माणसांशी तिथे सैलसर पण खरी ओळख होते. मात्र घट्ट, जिव्हाळ्याचे आधार तिथे सहसा आपोआप उभे राहत नाहीत, असेही त्यांचे निरीक्षण होते. दोन्ही गोष्टी माझ्या पाहण्यातल्या आहेत. सैल ओळखी भरपूर असणे हे स्वतःच सुखाचे आहे, आणि त्यातली प्रत्येक ओळख घट्ट झालीच पाहिजे असा हट्ट धरू नये.

आपण खेळतो कशासाठी, हेही स्वतःला एकदा विचारून पाहावे. १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात केवळ मजकुरावर चालणारा 'मड' हा सामाईक खेळ रॉय ट्रबशॉ यांनी सुरू केला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे नेला. याच बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार सांगितले: यश मिळवण्यासाठी खेळणारे, जग धुंडाळण्यासाठी खेळणारे, माणसांशी गप्पा मारण्यासाठी येणारे आणि इतरांवर मात करण्यात रमणारे. कोणीही पूर्णपणे एकाच खणात बसत नाही, पण कल कळतो. जग धुंडाळण्यात रमणारा माणूस रँकसाठी जीव टाकणाऱ्या गटात गेला, तर दोन्ही बाजू चांगल्या असूनही आठवडाभरात एकमेकांना कंटाळतात.

पहिला शब्द

सामना संपल्यानंतरची एक-दोन मिनिटे हाच ओळख करण्याचा काळ असतो. 'छान खेळलास' हे वाक्य सगळेच लिहितात, त्यामुळे ते कोणाच्या लक्षात राहत नाही. त्याऐवजी नेमके काय आवडले ते लिहावे: 'शेवटी पुलावर थांबून तू दोघांना अडवलंस, म्हणून मला झेंडा घेऊन निसटता आलं. अजून एक खेळूया का?' एवढ्यावरून समोरच्याला कळते, की आपल्याकडे कोणाचे तरी लक्ष होते. अनोळखी माणसाशी बोलण्याची सुरुवात करण्याचा याहून साधा मार्ग मला आजवर सापडलेला नाही. फ्रेंड रिक्वेस्ट त्याच वेळी पाठवावी, आणि शक्य असेल तिथे त्या नावापुढे आपल्यापुरती टीप लिहून ठेवावी: 'पुलावर अडवणारा, हीलर (जखमी साथीदारांना बरे करणारा) खेळतो, रात्री उशिरा येतो.' महिन्याभराने हीच टीप उपयोगी पडते.

यानंतरची पायरी मात्र बहुतेकांकडून राहून जाते, आणि फ्रेंड लिस्टमधली ती विसरलेली नावे तिथेच साचतात. रिक्वेस्ट स्वीकारली गेल्यावर दोन-तीन दिवसांच्या आत आपण होऊन बोलावणे पाठवले पाहिजे. समोरचा पाठवेल म्हणून वाट पाहत बसलात, तर तोही तुमची वाट पाहत बसलेला असतो. बोलावणे नाकारले गेले, तरी त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की त्या क्षणी तो माणूस दुसऱ्या कशात तरी गुंतलेला आहे. आणखी एक-दोनदा विचारावे आणि तरीही उत्तर आले नाही, तर मनाला लावून न घेता पुढे जावे.

ज्यांना अनोळखी माणसांसमोर माइक सुरू करणे जड जाते, त्यांनी तो लगेच सुरू करायची गरज नाही. २०१२ च्या 'जर्नी' या खेळात सोबतीला आलेल्या अनोळखी वाटसरूचे नाव दिसत नाही, बोलता येत नाही, लिहिता येत नाही. केवळ एक सूर काढता येतो. तेवढ्या सुरावर माणसे एकमेकांना वाट दाखवतात, मागे राहिलेल्यासाठी थांबतात. २०१९ मध्ये आलेल्या 'एपेक्स लेजेंड्स'ने पिंगची, म्हणजे एक बटण दाबून साथीदारांना खूण करण्याची, व्यवस्था इतकी चांगली बांधली, की शत्रू कुठे आहे, कोणती वस्तू कोणाला हवी आहे आणि ती दिल्याबद्दल आभार, हे सारे एकही शब्द न बोलता सांगता येते. पिंगपासून सुरुवात करा, मग दोन ओळी लिहा, आणि आवाजाची पाळी आपोआप येईल तेव्हा येऊ द्या.

गिल्डमध्ये शिरताना

गिल्डच्या जाहिरातीत काय लिहिले आहे याला मी फारसे महत्त्व देत नाही. प्रवेश घेण्यापूर्वी त्यांच्याबरोबर एखादी मोहीम खेळून पाहावी, आणि ती मोहीम फसली तर उत्तमच, कारण हरल्यानंतरची पहिली दोन मिनिटे त्या गटाचा खरा स्वभाव सांगतात. कोणाचे चुकले याची चौकशी सुरू होते, की पुढच्या वेळी काय करायचे याची, एवढे ऐकावे. नवख्याने बाळबोध प्रश्न विचारला तर उत्तर कोण देते आणि कोणत्या सुरात देते, तेही ऐकावे. सदस्यांची संख्या पाहून भुलू नये. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या आरंभीच्या मोठ्या रेडमध्ये, म्हणजे अवघड सामूहिक मोहिमेत, ४० जण लागत; तेवढ्या गर्दीतही खऱ्या गप्पा पाच-सहा जणांच्याच घोळक्यात होत. निकोला डुशनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याच खेळाचा अभ्यास केला, तेव्हा खेळाडू बराचसा वेळ एकट्यानेच खेळतात, आजूबाजूला माणसे असल्याची जाणीव त्यांना हवी असते, असे दिसून आले. तेव्हा मोठ्या गिल्डमध्ये जरूर जा, पण त्यात आपला लहान घोळका शोधा.

आत गेल्यावर लवकर रुजण्याचा मार्ग एकच: काहीतरी नित्याचे काम अंगावर घ्यावे. रेडच्या आधी सर्वांसाठी औषधे तयार करणे, नवख्यांना पहिली मोहीम दाखवणे, पुढच्या शनिवारी कोण येणार याची यादी करणे, यांतले काहीही चालेल. ज्याच्या हाती असे काम असते, त्याच्याशी सगळ्यांना बोलावे लागते.

स्वतःचा गट बांधताना

मनासारखा गट सापडला नाही, तर बांधावा. तिघे-चौघे पुरेत. दिवस आणि वेळ ठरवावी, आणि ती कोणाच्याही सोयीसाठी दर आठवड्याला बदलू नये. 'जमेल तेव्हा खेळू' म्हणणारे गट विरून जातात, तर 'मंगळवारी रात्री नऊला' म्हणणारे वर्षानुवर्षे चालतात, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की या एका नियमाबद्दल मी कोणतीही सवलत देणार नाही. एखाद्या मंगळवारी दोघेच आले, तरी त्या दोघांनी खेळावे. डिस्कॉर्डसारख्या गप्पांच्या अ‍ॅपवर गटाची जागा केली, तर सुरुवातीला एक लेखी आणि एक आवाजाची अशा दोनच वाहिन्या ठेवाव्यात; चार माणसांसाठी पंधरा वाहिन्या केल्या की प्रत्येक वाहिनी ओस दिसते.

लुटीचे, म्हणजे मोहिमेत मिळालेल्या वस्तू वाटून घेण्याचे, नियम पहिल्या दिवशीच, काही मौल्यवान हाती येण्यापूर्वी ठरवावेत. 'एव्हरक्वेस्ट'च्या काळातच खेळाडूंनी 'ड्रॅगन किल पॉइंट्स' नावाची पद्धत काढली. मोहिमेला हजर राहिल्याबद्दल गुण मिळत आणि हवी ती वस्तू घेताना ते खर्च होत. खेळ तयार करणाऱ्यांनी ही पद्धत दिली नव्हती. भांडणे टाळण्यासाठी माणसांनी ती स्वतः शोधली. चार जणांच्या गटाला इतका हिशेब लागत नाही. 'ज्याला लगेच वापरता येईल त्याला, दोघांना चालत असेल तर फासा टाकून' एवढा नियम पुरतो, पण तो आधी ठरलेला असला पाहिजे. आमचा एक गट केवळ एका धनुष्यावरून फुटला. ते कोणाला मिळावे याबद्दल आम्हां चौघांच्या चार प्रामाणिक समजुती होत्या आणि त्यांतली एकही आम्ही कधी बोलून दाखवली नव्हती.

चूक दाखवण्याची रीत सर्वांत जपावी. लढाई चालू असताना सूचना द्यावी, दोष देऊ नये: 'डावीकडे सरक' हे चालते, 'तू नेहमी उशिरा सरकतोस' हे चालत नाही. सविस्तर काही सांगायचे असेल, तर ते नंतर, एकट्याला आणि प्रश्नाच्या रूपात सांगावे. एकदा एका हीलरला मी सर्वांसमोर फटकारले. त्याच्याकडे त्या वेळी आजारी बाळ मांडीवर होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. मी माफी मागितली, त्याने मोठ्या मनाने ती स्वीकारली, पण पुढचे दोन महिने तो माझ्यासमोर आवाजाच्या वाहिनीवर आला नाही. पडद्यापलीकडच्या माणसाची संध्याकाळ कशी चालली आहे हे आपल्याला दिसत नाही, म्हणून रागाचे वाक्य एक श्वासभर रोखून धरावे.

शिवीगाळ आणि सावधगिरी

शिवीगाळ करणाऱ्याशी वाद घालत बसू नये. म्यूट करावे, रिपोर्ट करावे, पुढे जावे. मात्र शिव्या दुसऱ्याला पडत असतील, तेव्हा गप्प राहणे पुरेसे नाही. पुष्कळ स्त्री खेळाडू आवाज ओळखला जाईल म्हणून माइकच सुरू करत नाहीत; अशा वेळी गटातल्या एकाने जरी शांतपणे 'हे इथे चालणार नाही' म्हटले, तरी त्या व्यक्तीसाठी तो सामना वेगळा होतो. नंतर तिला 'पुढचा सामना आमच्याबरोबर खेळतेस का?' असे विचारावे. चांगल्या वागणुकीची दाद देण्याची सोय असेल, तर तीही कंजूषपणा न करता वापरावी. 'लीग ऑफ लेजेंड्स'मध्ये सहखेळाडूंना सन्मान देण्याची अशी पद्धत २०१२ पासून आहे.

स्वतःबद्दलची माहिती हळूहळू आणि दोन्ही बाजूंनी सारख्या वेगाने उघड व्हावी. तुम्ही काहीच विचारले नसताना कोणी खूप सांगत असेल, किंवा स्वतः काहीच न सांगता खूप विचारत असेल, तर थांबावे. पासवर्ड, सांकेतिक क्रमांक आणि खाते कोणालाही देऊ नये, कितीही जुना मित्र असला तरी. खात्याला दुहेरी पडताळणी लावावी. पैशांची उसनवारी खेळात आणू नये. मुले खेळत असतील, तर पालकांनी पडद्यापेक्षा माणसांची चौकशी करावी: कोणाबरोबर खेळतोस, ते काय बोलतात, त्यांच्यापैकी कोणी ही गोष्ट घरी सांगू नकोस म्हणाले का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले, तर मुलाला न रागावता तो संपर्क तिथल्या तिथे तोडावा.

खेळ संपला, माणूस दिसेनासा झाला, तर

खेळ कायमचे नसतात. 'सिटी ऑफ हीरोज' हा खेळ ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद झाला. त्याचे खेळाडू मात्र खेळाबाहेर एकमेकांशी बोलत राहिले. पुढे २०१९ मध्ये खेळाडूंनी चालवलेले सर्व्हर उघडपणे सुरू झाले, आणि त्यांपैकी एकाला जानेवारी २०२४ मध्ये मूळ मालक कंपनीकडून रीतसर परवाना मिळाला. तेव्हा ज्यांची सोबत हवीशी वाटते, त्यांच्याशी बोलण्याची खेळाबाहेरची एक तरी जागा वेळेवर ठरवून ठेवावी. तुम्ही स्वतः मोठी सुट्टी घेणार असाल, तर सांगून जा. 'परीक्षा आहेत, तीन महिने येणार नाही' एवढे एक वाक्य पुरते. न सांगता गेलेल्या माणसाचे काय झाले असेल, याची काळजी मागे राहिलेले बराच काळ करत असतात.

नॉर्वेतल्या मॅट्स स्टीन या तरुणाला ड्युशेन हा स्नायू झिजवणारा आजार होता. त्याचा बराचसा दिवस 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये जाई. आपला मुलगा एकाकी आहे, त्याला मित्र नाहीत, याचे त्याच्या आईवडिलांना फार दुःख होते. २०१४ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी, तो गेला. आईवडिलांनी त्याच्या ब्लॉगवर ती बातमी लिहिली आणि संपर्कासाठी पत्ता दिला. मग अनेक देशांतून पत्रे येऊ लागली. खेळात इबेलिन या नावाने वावरणाऱ्या त्यांच्या मुलाने कोणाचे दुःख ऐकून घेतले होते, कोणाला सल्ला दिला होता, हे त्यांना त्या पत्रांतून कळले. त्याच्या गिल्डमधले काही जण अंत्यविधीलाही आले.

ही हकीकत वाचल्यापासून मी एक गोष्ट केली आहे आणि तुम्हीही ती करावी. घरातल्या एका विश्वासू व्यक्तीला आपल्या गटाबद्दल सांगावे: गटाचे नाव काय, आपण तिथे कोणत्या नावाने ओळखले जातो, कोणत्या दिवशी भेटतो, आणि गरज पडली तर कोणाला, कुठे निरोप द्यायचा. गटातल्या एकाकडेही घरच्या त्या व्यक्तीचा संपर्क, तिची परवानगी घेऊन, देऊन ठेवावा. कागदावर चार ओळी लिहायला पाच मिनिटे लागतात. माझा तो कागद कपाटाच्या वरच्या खणात आहे, आणि तो तिथे आहे हे माझ्या बहिणीला माहीत आहे.